लाल बटण

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला सांगितलं गेलं, "अमेरिकेबद्दल काहीतरी बोल." अमेरिकेबद्दल आपल्या ग्रुपवर सगळेच माझ्याहून जास्त बोलतात, म्हणून मी फक्त माझ्या तळघरातल्या फर्नेसबद्दल बोलते.

मॅसॅच्युसेट्समधलं आमचं घर जुनं आहे. त्या भागात अजून पुष्कळ घरं तेल जाळून गरम ठेवतात. तळघरात २७५ गॅलनची, म्हणजे हजारभर लिटरची टाकी. तेल डिझेलच्याच जातीचं. पंप ते दाबाने नोझलच्या बारीक छिद्रातून फवारतो, ठिणगी ते पेटवते आणि तापलेली हवा पंख्याने घरभर जाते. ज्वालेवर लक्ष ठेवायला प्रकाश ओळखणारा एक छोटा 'डोळा' असतो. ठरावीक सेकंदांत त्याला ज्वाला दिसली नाही, तर फर्नेस आपोआप बंद होते. ती पुन्हा सुरू करायला एक लाल बटण.

एका जानेवारीत रात्री दोनला थंडीने जाग आली. बाहेर उणे १८. आई आमच्याकडे आलेली, वय ७६. शिवाय घर गार पडलं की पाइपांतलं पाणी गोठून पाइप फुटतात, ती धास्ती वेगळीच. खाली जाऊन मी बटण दाबलं. घरघर सुरू झाली आणि थोड्याच वेळात थांबली. पुन्हा दाबलं. तेच. ती घरघर नुसत्या मोटरची की आत ज्वालाही आहे, हे मला ओळखता येईना. पण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा मंत्र तुम्हाला ठाऊक आहे: बंद करा, चालू करा. तिसऱ्यांदा हात पुढे केला, तेवढ्यात जिन्यावरून आईने विचारलं, "अगं, काय चाललंय?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मोठा स्टोव्हच की! पेटत नसताना रॉकेल सोडत राहिलीस तर आत साचेल. मग एकदम भडका उडेल."

हात मागे घेतला. बटण पुन्हा पुन्हा दाबू नये, ही सूचना पत्र्यावरच चिकटवलेली होती. मी ती कधी वाचलीच नव्हती.

आणि मग विज्ञानाच्या बाई आठवल्या. प्रात्यक्षिकात बल्ब लागला नाही की आम्ही सगळ्याच तारा हलवायचो. बाई म्हणायच्या, "हात मागे! आधी सेल, मग तारा, मग बल्ब." तसं क्रमाने पाहिलं. थर्मोस्टॅट ठीक, वीज चालू, टाकीत पाव टाकी तेल. त्यापुढचं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. स्विच बंद केला, मेकॅनिकला फोन लावला, नळ बारीक सोडून ठेवले आणि आईला दोन रजया दिल्या.

पहाटे मेकॅनिक आला. ज्वाला पेटत होती, पण डोळ्यावर काजळी धरल्यामुळे त्याला ती दिसत नव्हती! त्याने डोळा पुसला, पण तो तिथे थांबला नाही. काजळी आली कुठून? नोझल झिजलेलं, फवारा बिघडलेला, त्यामुळे तेल नीट जळत नव्हतं. त्याने नोझल आणि फिल्टर बदलले, हवेचं प्रमाण उपकरणाने मोजून जुळवलं. नुसता डोळा पुसून गेला असता, तर काही दिवसांनी पुन्हा तेच झालं असतं. दोन वर्षं सर्व्हिसिंग मीच टाळलं होतं.

म्हणजे त्या रात्री आत तेल साचत नव्हतं. पण साचत असतं तरी बाहेरून सगळं असंच दिसलं असतं. आता ऑफिसात कुणी बंद पडलेला सर्व्हर घाईने पुन्हा सुरू करायला निघालं, की मी आधी विचारते, "तो थांबला का, ते पाहिलंस?"

बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. त्या प्रात्यक्षिकात तुम्ही मला दहापैकी सहा गुण दिले होते. सातवा मी तळघरात मिळवला, तोही आईच्या मदतीने.