पुडा हलका होतो, क्विंटल होत नाही



शांपू पुडीत विकण्याची युक्ती तामिळनाडूतील कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांची मानतात. बाटलीचे पैसे एकदम मोजावे लागतात. पुडीला रुपया-दोन रुपये पुरतात. रोजच्या मजुरीवर जगणाराही मग गिऱ्हाईक झाला. पुडीचे निरनिराळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. त्याने माल टिकतो. पण थर सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला ती घेत नाही. ती आपल्या धुऱ्यावर येऊन पडते.

बिस्किटाच्या पुड्याचे गणित निराळे. पाचाचे नाणे खिशात असते, म्हणून किंमत ५ रुपयेच ठेवायची. पीठ-साखर महागली की बिस्किटे कमी करायची. वजन छापलेले असते, पण वाचतो कोण?

आपल्या कापसाचे उलटे. क्विंटल १०० किलोचाच. खत, मजुरी कितीही वाढो, भाव दुसराच सांगतो. खर्च वाढला म्हणून कारखानदाराने पुडा हलका केला तर तो हिशेब, आणि आपण खर्च भरून मागितला तर ती भीक? आम्ही म्हणतो, हिशेब दोघांना एकच लावा.

पुढच्या बैठकीला येताना एका एकराचा खर्च लिहून आणा.