मेणाची गोळी आणि पहाऱ्यावरचा माणूस



कामगार संघटनेचा माणूस बोलायला उभा राहिला की बोनस, महागाईभत्ता आणि संप यांखेरीज तो काय सांगणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी 'मेणाची गोळी' असे कळविले. त्यांना वाटले, काही औषधोपचाराचे असेल. तशा अपेक्षेने कोणी आले असतील तर त्यांची निराशा होणार आहे. माझी गोळी रिव्हॉल्वरमधून उडवायची आहे.

हा विषय मला पहाऱ्यावरच्या माणसांनी दिला. धाटावच्या कारखान्यांची फाटके, बँकांची दारे, रोकड नेणाऱ्या गाड्या या ठिकाणी उभे राहणारे रक्षक आमच्या संघटनेत येऊ लागले, तेव्हा पगाराच्या आणि बारा तासांच्या पाळीच्या तक्रारी मी लिहून घेत असे. एकदा सहज एकाला विचारले, "या बंदुकीचा शेवटचा बार कधी काढलात?" तो फौजेतून निवृत्त झालेला हवालदार. म्हणाला, "फौज सोडली त्या वर्षी. त्याला नऊ वर्षं झाली." त्याच्या शेजारी एक तरुण उभा होता. तो हसला आणि म्हणाला, "माझा पहिलाच बाकी आहे, साहेब." ज्या एजन्सीने त्याला उभे केले होते तिचे नाव मी घेत नाही, नाव घेऊन एक सुटेल आणि बाकीच्या झाकल्या जातील. मी हवालदाराला विचारले, सराव का करीत नाही? त्याचे उत्तर सरळ होते. सरावाला काडतूस लागते, काडतुसाला पैसा लागतो, आणि परवान्यावर वर्षात किती काडतुसे घ्यावीत याची मर्यादाही असते. मग ज्यांना काडतूस परवडत नाही ते शिकतात तरी कसे, याचा मी शोध घेऊ लागलो, आणि वाचता वाचता मेणापाशी येऊन पोचलो.

काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली टोपी, आत दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. घोडा टोपीवर आपटतो, टोपीची ठिणगी दारू पेटविते, दारूचा धूर गोळीला ढकलतो. मेणाच्या काडतुसात दारू अजिबात नाही. पुंगळीचे तोंड मेणाच्या वडीवर दाबले की, वाटीने लाटीची चकती काढावी तसे मेणाचे एक बूच तोंडात बसते. ते उडविण्याचे काम एकटी टोपी करते. येथे एक गंमत आहे. टोपी आधी बसवून मग मेण दाबले, तर आत कोंडलेली हवा पिचकारीसारखी मेणाला बाहेर लोटते. म्हणून मेण आधी आणि टोपी नंतर.

आता हे रिव्हॉल्वरमध्येच का? आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाला पुढचे काडतूस वर घेण्यासाठी मागे धक्का लागतो, तो देण्याचे बळ टोपीत नाही. रिव्हॉल्वरचे चक्र मात्र माणसाच्या हाताच्या जोरावर फिरते. तरी तेथेही एक अडचण येते. खऱ्या काडतुसात दारूच्या जोराने सबंध पुंगळी मागे रेटली जाते आणि किंचित बाहेर आलेली टोपी पुन्हा आपल्या जागी बसते. दारू नसली की टोपी मागे येते ती तशीच राहते आणि चक्र अडते. यावर उपाय म्हणून हौशी मंडळी पुंगळीच्या बुडाचे छिद्र मोठे करून घेतात. परंतु अशा पुंगळीत पुन्हा दारू भरणे फार धोक्याचे, म्हणून तिला न पुसणारी खूण करून ती वेगळी ठेवतात. ज्याने कारखान्यात एकसारख्या दिसणाऱ्या दोन नळांवर वेगवेगळा रंग मारलेला पाहिला आहे, त्याला या खुणेचे महत्त्व समजावून सांगावे लागणार नाही.

मेणाचे स्वभावही निराळे. थंडीत ते ठिसूळ होऊन फुटते. आपल्या कोलाडच्या एप्रिलात दुपारी दोन वाजता ते पुंगळीच्या तोंडातच बसकण मारील. अशी गोळी पाचसात पावलांवर पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर ठीक लागते. त्यापुढे तिचा भरवसा नाही. पण पाचसात पावले पुरेशी आहेत. कारण नेमबाजीत चुकतो तो बहुधा डोळा नव्हे, बोट चुकते. चाप झटक्याने ओढला की नळीच्या टोकावरची माशी हलते आणि गोळी भलतीकडे जाते. खऱ्या काडतुसाच्या धमाक्यात हा दोष लपतो. मेणाच्या गोळीला धक्काही नाही आणि मोठा आवाजही नाही, त्यामुळे शिकणाऱ्याला आपले बोट स्वतःच्या डोळ्यांनी पकडता येते.

मात्र ते खेळणे आहे असे कोणी समजू नये. मेणाच्या गोळीने डोळा जाऊ शकतो, जवळून मारली तर कातडी फाटते. टोपीच्या मसाल्यात बहुधा शिशाचे संयुग असते, त्याचा धूर बंद खोलीत घेणे वाईट. शिशाने माणूस कसा आतून झिजतो हे बॅटरीच्या कारखान्यांतील कामगारांना विचारावे. सर्वांत मोठा धोका मात्र मेणात नसून टेबलावर असतो. एका पेटीत मेणाची आणि दुसऱ्या पेटीत खरी काडतुसे एकाच खोलीत ठेवली, की एक दिवस पेटी बदलते.

फ्रान्समध्ये देविलेर नावाच्या एका डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या आरंभी मेणाच्या गोळ्यांची चाल पाडली. तोंडावर मुखवटा, अंगात जाड डगला, पिस्तुलावर हात झाकणारी ढाल, असे नटून सभ्य गृहस्थ एकमेकांवर नेम धरीत. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाचे प्रात्यक्षिकही झाले. साहेब तेथे मौजेसाठी एकमेकांवर मेण उडवीत होता, त्या काळात इकडे आपल्याला काय होते? १८७८ चा शस्त्रांचा कायदा. परवान्यावाचून हिंदी माणसाने हत्यार बाळगू नये, आणि युरोपियनाला मात्र त्यातून सूट. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला.

हा कायदा आला त्याच्या दुसऱ्याच वर्षी आपल्याच जिल्ह्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके उठले. पुण्यातल्या लष्करी हिशेबखात्यातील हा कारकून. लहुजी वस्तादांच्या तालमीत शिकला आणि रामोशी, कोळी, धनगर यांना जमवून बंडाला उभा राहिला. १८७९ च्या मे महिन्यात त्यांच्या माणसांनी पळस्पे आणि चिखली येथे छापे घातले. तुम्ही पनवेलहून कोलाडला येता तो रस्ता पळस्प्यावरूनच सुटतो. फडके एडनच्या तुरुंगात १८८३ साली गेले. मला त्या कथेत नेहमी ती तालीम दिसते. कारकुनी करणारा माणूस वस्तादाकडे जाऊन शिकला. हत्यार हातात येण्यापूर्वी हात तयार केला.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. त्याखाली परवान्यावाचून काडतूस बनविणे हा मोठा गुन्हा आहे; २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तेव्हा येथून घरी जाऊन कोणी मेणबत्त्या वितळवू नयेत. आपल्या देशात काडतुसे करणाऱ्यांची वस्ती वेगळी आहे. खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा, वरणगावचा १९६४ चा. तेथील कामगारांचे कारखाने २०२१ च्या ऑक्टोबरात कंपन्यांत वाटून टाकले, आणि त्यांनी संप करू नये म्हणून त्याआधीच वटहुकूम काढला. हा विषय आजचा नाही, पण तोंडावर आला तो गिळवत नाही. असो.

मेण नाही तर काय? कोल्हापूरने त्याचे उत्तर दिले आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबतांनी २०१८ च्या आशियाई खेळांत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक आणले. आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे हे तर राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे, तेव्हा रेल्वेतले तिकीट तपासनीस, म्हणजे आमच्याच बिरादरीतले. मुलाच्या गोळ्यांसाठी वडिलांनी कर्ज काढल्याचे आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले. असे नेमबाज तासन्‌तास कोरडा सराव करतात: नळी रिकामी, समोर भिंतीवर ठिपका, आणि चाप असा ओढायचा की माशी हलू नये. त्यात ना मेण खर्ची पडते, ना टोपी. दुसरे साधन छऱ्याच्या पिस्तुलाचे. ०.१७७ च्या, वीस ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवाई हत्याराला परवानाही लागत नाही, आणि दहा मीटरची जागा कोणत्याही शाळेच्या मागच्या बाजूला निघते.

मग आमच्या रक्षकाला हे का मिळू नये? खाजगी सुरक्षा एजन्सींचा कायदा २००५ चा. त्याखालच्या केंद्राच्या आदर्श नियमांत नव्या रक्षकाला किमान वीस कामाच्या दिवसांत १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर शिक्षण द्यावे असे आहे. हत्यारांचे प्रकार ओळखणे त्यात आहे, शस्त्रकायद्याची तोंडओळख आहे. आता हवालदारच सांगत होता, ओळखायचे काय, ती तर रोज खांद्यावर असते! हे १६० तास पुरे झाले अशी सही कागदावर किती सहज होते, हे येथे बसलेल्यांपैकी काहींना माझ्याहून चांगले ठाऊक असेल.

एका मालकाच्या प्रतिनिधीशी बोलणी करताना मी हा मुद्दा काढला. ते म्हणाले, "बंदूक दाखवायलाच असते, उडवायला कोण देतो?" मी विचारले, दरोडेखोरालाही हे माहीत असले तर? ते हसले; पण त्या गाडीत रोकड त्यांची होती आणि माणूस आमचा होता. न शिकलेला हात घाबरला म्हणजे बस थांब्यावरच्या बाईलाही गोळी लागू शकते, हे मी पुढे सांगितले, तेव्हा त्यांनी चहा मागविला.

आमचे मागणे फार नाही. हत्यार बाळगणाऱ्या प्रत्येक रक्षकाला आठवड्यातून एक तास, पाळीच्या वेळेत, भरपगारी, रिकाम्या हत्याराचा सराव; महिन्याला छऱ्याच्या पिस्तुलाची एक बैठक; आणि वर्षातून एकदा पोलिसांच्या देखरेखीखाली खऱ्या काडतुसांचा बार, ज्याचा खर्च एजन्सीने करावा. नव्या मागणीपत्रात हे सातव्या क्रमांकावर घातले आहे. सहाव्यावर पावसाळी बूट आहेत. हवालदार म्हणतो, क्रम बदला. बूट जूनच्या आत हवेत म्हणून तरुण मंडळी क्रम बदलू देत नाहीत. येत्या रविवारी सभा आहे, तेथे ते ठरेल.