शिट्टी कोणाच्या हातात?

(वसतिगृह कार्यकर्त्यांच्या वार्षिक शिबिरात केलेले भाषण)



मला विषय दिला आहे ‘खेळ आणि मुलींचं नेतृत्व’. बाईंनी थिऑलॉजीचा डिप्लोमा केलाय, म्हणजे आता शास्ते पुस्तकातल्या दबोरेपासून सुरुवात होणार, असं काही चेहऱ्यांवर दिसतंय. दबोरा येईल, पण दुसरी. आधी चेंडूचं सांगते.

सहा वर्षांपूर्वी पुण्याचा एक तरुण आमच्या सातपुड्यातल्या वसतिगृहात चार चेंडू घेऊन आला. चेंडू लांबट, अंड्यासारखा. खेळाचं नाव रग्बी. चेंडू हातात घेऊन पळायचं, पण पास पुढे द्यायचा नाही, बाजूला किंवा मागेच द्यायचा. आम्ही टॅग रग्बीने सुरुवात केली. त्यात कुणाला पाडायचं नसतं. कमरेला पट्ट्या लावलेल्या असतात, पट्टी ओढली की पळणारी थांबते. डोंगर चढून-उतरून वाढलेल्या आमच्या भिल्ल, पावरा मुलींना पळायला काय शिकवायचं! महिनाभरात तो तरुणच धापा टाकू लागला.

आदिवासी मुली आणि रग्बी ही जोडी आम्ही शोधून काढलेली नाही. जलपाईगुडी जिल्ह्यात बैकुंठपूरच्या जंगलाला लागून सरस्वतीपूर नावाचा चहामळा आहे. तिथे २०१३ साली फादर मॅथ्यू जॉर्ज या सलेशियन धर्मगुरूंच्या पुढाकाराने मळेकामगारांची मुलं रग्बी खेळू लागली. त्यातली संध्या राय पुढे भारताकडून खेळली, आणि गावातल्या लहानांना शिकवूही लागली. भुवनेश्वरच्या आदिवासी निवासी शाळेत वाढलेली सुमित्रा नायक तर २०१९ मध्ये मनिलात सिंगापूरविरुद्ध शेवटची पेनल्टी किक मारायला उभी होती. भारत २१-१९ असा जिंकला. पंधरा जणींच्या रग्बीत भारतीय महिलांचा तो पहिला विजय. हे मी मुलींना इतक्यांदा सांगितलंय, की आता त्याच मला मध्येच थांबवून आकडे सांगतात.

आता माझी चूक सांगते.

पहिल्या स्पर्धेला आम्ही बारा मुली घेऊन गेलो. संघ मी निवडला. बसचे पैसे माझ्या पर्समध्ये. सरावाची शिट्टी त्या तरुणाच्या गळ्यात. एका सामन्यात पंचांचा निर्णय मला पटला नाही, म्हणून मी तरातरा मैदानात गेले. पंच शांतपणे म्हणाले, “ताई, तुम्ही बाहेर. कॅप्टन कुठे आहे?” रग्बीत पंचांशी बोलायचं ते कॅप्टनने. बाकी कुणी नाही, बाहेरच्यांनी तर नाहीच. आमची कॅप्टन पुढे आली. पंचांनी विचारलं, “बोल, काय म्हणणं आहे?” तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मी विसरलेले नाही. तीन वर्षं मी अहवालात ‘मुलींमध्ये नेतृत्वगुण विकसित झाले’ असं लिहीत होते.

परत आल्यावर आता दबोरा भेटली. डेबोरा ग्रिफिन, इंग्लंडची. रग्बीचा पहिला महिला विश्वचषक १९९१ मध्ये वेल्समध्ये झाला, तो हिने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी भरवला. आंतरराष्ट्रीय संघटनेचा पाठिंबा नव्हता. चौघींनी बारा संघ जमवले. सोव्हिएत संघ पैशांऐवजी विकायला व्होडका घेऊन आला. (हा मार्ग आपल्या कमिटीला सुचवू नये!) त्यांच्यातलीच स्यू डॉरिंग्टन अंतिम सामन्यात इंग्लंडकडून खेळली आणि हरली. म्हणजे पत्रं लिहायची, मैदानं ठरवायची, शिवाय सरावही करायचा. तीच डेबोरा २०२५ मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेची पहिली महिला अध्यक्ष झाली, आणि त्याच वर्षी लंडनमधल्या महिला अंतिम सामन्याला ८१ हजारांहून जास्त लोक आले.

मधल्या काळात, २०१७ मध्ये, जागतिक संघटनेने आपल्या कौन्सिलमध्ये १७ जागा महिलांसाठी वाढवल्या. चांगलंच झालं. पण आपल्या ग्रामपंचायतींत २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि ‘सरपंचपती’ हा शब्दही आपल्याच गावांत ऐकू येतो. मी स्वतः त्या संघाची सरपंचपती होते, दुसरं काय!

मग आम्ही एकेक गोष्ट सोडत गेलो. शिट्टी आधी गेली. पाचवी-सहावीच्या मुलींचा सराव नववीच्या मुली घेऊ लागल्या. त्या पावरीत ओरडतात. आमच्या पुस्तकी मराठीत जे लहानग्यांना महिनाभर कळलं नव्हतं, ते दोन दिवसांत कळलं. संघ निवडायला पाच जणींची समिती झाली. त्यांनी पहिल्याच वेळी एका चपळ मुलीला वगळून, उशिरा आलेल्या हळू मुलीला घेतलं. मी ओठ दाबून बसले. आम्ही हरलो. त्यांनी का घेतलं ते मला अजून पटलेलं नाही.

पैसे सोडणं सगळ्यात जड गेलं. पहिल्या हिशोबात चाळीस रुपये कमी आले. मी आवाज चढवला. दोन दिवसांनी कळलं, प्रवासात एका लहान मुलीला पाळी आली, तिच्यासाठी पॅड घेतले होते. ‘ते वहीत कसं लिहायचं?’ म्हणून लिहिलं नव्हतं. आता वहीत तो रकाना आहे, त्यांच्याच अक्षरात.

गेल्या दिवाळीनंतर कॅप्टन परत आली नाही. घरच्यांनी ऊसतोडीची उचल घेतली होती. आईबाप कोयत्याला जाणार, तर गुजरातेत खोपीवर धाकटी भावंडं सांभाळायला आणि भाकरी थापायला ही हवी. तिचं दहावीचं वर्ष. मी जीप काढायला सांगितली, तेव्हा समितीतली एक मुलगी म्हणाली, “ताई, तुम्ही आलात तर तिचे बाबा हो म्हणतील आणि तुम्ही गेल्यावर निघून जातील. आम्ही जातो.”

चौघी चालत गेल्या. आधी गावच्या पोलीस पाटलांकडे, मग आजीकडे, मग बापाकडे. काय बोलल्या ते मला पूर्ण कळलेलं नाही. एवढं कळलं, की दोन लहान भावंडांना आजीने ठेवून घेतलं आणि तिसरं आईबरोबर गेलं. परीक्षेपर्यंत थांबू द्यायला बाप तयार झाला. पुढच्या वर्षाचं त्याने वचन दिलेलं नाही, आणि उचल अजून फिटलेली नाही. हे काम झालं, असं मी इथे सांगू शकत नाही.

ती दहावी पास झाली. आज ती त्या खांबाजवळ बसली आहे, आणि मी तिचं नाव घेणार नाही, कारण तिने तसं बजावलंय.

येत्या स्पर्धेला कुणाला आपला संघ पाठवायचा असेल, तर बस, जेवण, वर्गणी याबद्दल मला विचारू नका. त्या मागे बसल्या आहेत. वही त्यांच्याकडे आहे.