दादरचे टी.टी.

मुंबईत कोठेही टॅक्सीत बसून 'दादर टी.टी.' एवढे म्हटले, की चालक पुढे काही विचारीत नाही. त्या चौकाचे कागदोपत्री नाव खोदादाद सर्कल. पण ते क्वचितच कुणाच्या तोंडी येते. 'टी.टी.' म्हणजे ट्राम टर्मिनस. मौज अशी, की येथे येणारी शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून निघाली. गाडी माणसांनी ओसंडत होती, आणि रस्त्याच्या दुतर्फा तिला निरोप देण्यास लोक उभे होते. रूळ गेले, तारा गेल्या, ही दोन अक्षरे मात्र राहिली.

या चौकातून जाणारा हमरस्ता म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. बाबासाहेबांचे 'राजगृह' येथून थोड्याच अंतरावर, हिंदू कॉलनीत आहे. तेव्हा हे नाव रस्त्याला वरून चिकटविलेले नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेपासून लालबाग, परळ, दादर, माटुंगा करीत तो शीवपर्यंत जातो. पश्चिमेला त्याच्या सोबतीने मध्य रेल्वेची स्थानके आहेत: चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर. मग रेल्वे हाताशी असता ट्राम कशाला हवी होती?

याचे उत्तर गिरणगावात मिळते. रेल्वे लांबच्या माणसाची. परंतु लालबागच्या चाळीतून निघून पाळीचा भोंगा होण्यापूर्वी परळच्या गिरणीत पोहोचणाऱ्याला जिना चढून फलाट गाठणे परवडत नसे. ट्राम दाराशी येई. ती संथ होती, हे खरे. चालत्या ट्राममधून अलगद उतरण्याची कसरत म्हणूनच तर साधे! मुंबईत ९ मे १८७४ रोजी ती घोड्यांनी ओढली, मे १९०७ मध्ये तिला वीज मिळाली, १९२० साली तिच्यावर दुसरा मजला चढला. १९२६ पासून बसगाड्या धावू लागल्या आणि वाढत्या मोटारींना मधले रूळ अडचणीचे वाटू लागले.

मला त्या निर्णयाचा राग नाही. बसने ते काम पुष्कळसे उचललेही. खंत आहे ती नंतरच्या गोष्टींची. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि भोंगे थांबले ते जवळजवळ कायमचेच. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, मनोऱ्यांबरोबर मोटारी आल्या, आणि २०११ साली लालबागवर लांबलचक उड्डाणपूल आला. त्यावरून जाणारा भराभर जातो, यात संशय नाही. पण पुलाला थांबे नसतात. भारतमाता चित्रपटगृहापाशी उतरू पाहणारी बस खालूनच, उरलेल्या रस्त्यातून वाट काढते. आणि आषाढात हिंदमाताला पाणी तुंबले, की तीही अडते. थांब्यावरचा माणूस छत्री धरून वरच्या चाकांचा आवाज ऐकत राहतो.

१५ सप्टेंबर २०२३ रोजी डिझेलवरच्या जुन्या दुमजली बसगाड्यांनीही मुंबईचा निरोप घेतला. त्याच वर्षी विजेच्या दुमजली गाड्या आल्या होत्या, हेही सांगितले पाहिजे. १९०७ सालची वीज अशी आडवळणाने रस्त्यावर परतली, फक्त डोक्यावरच्या तारांवाचून. टी.टी.ला पुण्याच्या एसटीची वाट पाहत लोक आजही सामान घेऊन उभे असतात, आणि भायखळ्याकडून येणाऱ्या बसचा कंडक्टर दादर जवळ आले, की दारातून ओरडतो, "चला, टी.टी.!"