भूकंप जमिनीचा, भिंत आपली

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून किल्लारीची माणसं झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि लातूर-धाराशिव भागात हजारो जीव गेले.

भूकंप नैसर्गिक, तो थांबत नाही. पण माणसं दबली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली, माळवदाच्या ओझ्याखाली. गळतंय म्हणून दरवर्षी वर माती टाकतो, ते आपणच ना! आतले-बाहेरचे दगड जोडणारा लांब दगड भिंतीत नसला, की धक्क्यानं ती दुभंगते.

आमच्या गटानं घरोघरी भिंती पाहिल्या. तीन घरांत पोट सुटलेल्या भिंतीलगतच बाज होती. लगेच हलवली. एक सासूबाई रागावल्या, पण उठल्या. जादा माती दसऱ्यानंतर उतरवू. गवंड्याला सांगून ठेवलंय.