दाव्यापूर्वीचा सलोखा

 

ज्यांच्या हाताखाली मी दिवाणी वकिलीची उमेदवारी केली, ते वकीलसाहेब अशील आला की त्याला कागदांचे बासन सोडूच देत नसत. आधी चहा, मग पाऊसपाणी, मग घरची विचारपूस, आणि आम्ही उमेदवार मात्र सातबारा नि मोजणीचा नकाशा घेऊन ताटकळत उभे. एकदा एक शेतकरी, थोरल्या भावाने बांध कोरला म्हणून, त्याच्यावर मनाईहुकूम मागावयास आला. वाद हातभर जमिनीचा. पण गृहस्थ उरलेले रान विकून हायकोर्ट गाठण्याच्या तयारीत. तासभराने खरे दुखणे बाहेर आले: पुतणीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांमध्ये याचे नाव छापले नव्हते! ‘मग दावा बांधाचा लावू, की पत्रिकेचा?’ असे साहेबांनी गंभीर मुद्रेने विचारताच तो आधी हसला, मग रडला. दावा झाला नाही; फीपोटी एक पायली हरभरे आले.

साहेबांच्या या रीतीला खुळेपणा म्हणणारे बाररूममध्ये थोडे नव्हते. त्यांच्यापैकी एका नामांकिताच्या नोटिशीत प्रतिपक्ष सदैव ‘लबाडीच्या व फसवणुकीच्या इराद्याने’च वागे, मग तो सख्खा भाऊ असो की विधवा भावजय, आणि ज्या घरात तोवर कुणी कुणाला अरेतुरे केले नव्हते, तेथे ती टंकलिखित शिवी रजिस्टर पोस्टाने पोचली की पुढील दोन पिढ्यांची सोयरीक तुटे. या बेफिकिरीचा मला आजही संताप येतो.

दाव्यापूर्वी सलोखा ही कल्पना आपल्या कायद्यालाही नवी नाही. 1875 साली सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा उसळल्यानंतर जो 1879 चा दख्खनचा शेतकरी कायदा झाला, आणि ज्याच्या अंमलबजावणीत पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी काम केले, त्यात सलोखा करणारे पंच नेमण्याची तजवीज होती, आणि त्यांच्यापुढे वकिलाला उभे राहण्यास चक्क मज्जाव होता. आपल्या धंद्याविषयी सरकारचे मत तेव्हा काय होते, हे यावरून ओळखावे! आज 1987 च्या कायद्याने लोकन्यायालयांना वैधानिक अधिष्ठान दिले आहे, तेथील निवाड्यावर अपील नाही, न्यायालयीन शुल्कही परत मिळते. परंतु निकाली प्रकरणांचा आकडा फुगविण्याच्या घाईत दोन माणसांना समोरासमोर बसवून बोलते करण्यास सवड कोण काढतो?

म्हणून विधी शाखेची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या स्नातकांना माझी एकच विनंती आहे, आणि ती मी हट्टाने करतो. नोटिशीचा मसुदा रवाना करण्यापूर्वी तो अशिलाला मोठ्याने वाचून दाखवा, आणि हे शब्द तो भावाच्या तोंडावर उच्चारू शकेल काय, असे त्याला विचारा. तो खाली मान घालील, तर मसुदा फाडा आणि त्याच्यासाठी आणखी एक चहा मागवा.