वेळ जातो कुठे? तालुक्याची कचेरी आणि मंदावलेला सर्व्हर

(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



म्हैसूरहून आग्नेयेला तीसेक किलोमीटर गेलं की टी. नरसीपूर लागतं. तिथे कावेरी आणि कपिला एकत्र येतात, काठावर गुंजा नरसिंहाचं देऊळ आहे आणि १९८९ पासून दर तीन वर्षांनी दक्षिणेतला कुंभमेळा तिथे भरतो. म्हैसूर सिल्कच्या साड्यांसाठी लागणारं रेशीम याच गावच्या सरकारी गिरणीत कोषांतून काढलं जातं. बन्नूर आणि तलकाडू ही गावंही याच तालुक्यातली. म्हैसूर जिल्ह्यातल्या छोट्या-मोठ्या कार्यालयांची नेटवर्कं सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आज मी त्या भागाबद्दल बोलणार आहे, पण विषय देवळांचा नाही. कचेरीतला सर्व्हर हळू का चालतो आणि ते शोधायचं कसं, हा विषय आहे.

हा विषय व्याख्यानमालेत कशासाठी, असं कुणाला वाटेल. तलकाडूहून बसने आलेला शेतकरी अकरा वाजता खिडकीशी उभा राहतो. त्याला पहाणी हवी असते. पहाणी म्हणजे तिकडचा सातबारा. आतून उत्तर येतं, ‘सर्व्हर स्लो आहे, जेवणानंतर या.’ जेवणानंतर उत्तर येतं, ‘उद्या या.’ त्याची त्या दिवसाची मजुरी गेली, बसभाडं गेलं आणि उद्या पुन्हा तेच. आपल्याकडे तलाठी कार्यालयात, सेतू केंद्रात, दुय्यम निबंधकाकडे हेच वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पावसाविषयी बोलावं तसं आपण ते ऐकून घेतो. माझं म्हणणं असं आहे की या मंदपणाला ठिकाण असतं, आणि साध्या हत्यारांनी ते ठिकाण सापडतं. ते न शोधता मोठी लाइन घेण्यासाठी प्रस्ताव पाठवणं हा सार्वजनिक पैशाचा आणि लोकांच्या दिवसांचा अपव्यय आहे.

कर्नाटकाची गोष्ट यासाठी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तिथे ‘भूमी’ प्रकल्पाखाली सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या २ कोटी पहाण्या संगणकावर आल्या आणि हाताने लिहिलेल्या पहाणीची कायदेशीर मान्यता काढून घेतली गेली. फेरफाराचे अर्ज आलेल्या क्रमानेच निकालात निघावेत, अशी सोयही त्यात होती. सुरुवातीला प्रत्येक तालुक्याचा सर्व्हर तालुक्याच्या कचेरीतच असे. खिडकी आणि सर्व्हर यांत अंतर काही हातांचं. पुढे काम राजधानीतल्या डेटा सेंटरशी जोडलं गेलं. त्याचे फायदे मोठे आहेत. कचेरीत पाणी शिरलं तरी नोंदी सुरक्षित राहतात आणि मधल्या मधे कुणाला आकडे बदलता येत नाहीत. पण त्यामुळे खिडकी आणि सर्व्हर यांच्यात दीडशे किलोमीटर आले, आणि त्या वाटेवरचा प्रत्येक खांब, प्रत्येक स्विच, प्रत्येक पोर्ट शेतकऱ्याच्या रांगेचा भाग झाला.

आता अंतराचा हिशेब पाहू. मला हा हिशेब सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि कचेऱ्यांत तो क्वचितच कुणी मांडतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे दीडशे किलोमीटर जाऊन परत यायला दीड मिलिसेकंद. मधली यंत्रं धरून प्रत्यक्षात तो वेळ पंधरा मिलिसेकंद लागला असं धरू. ऐकायला काहीच नाही. पण कचेरीतला एखादा स्क्रीन उघडताना आतला प्रोग्राम सर्व्हरला एकच प्रश्न विचारत नाही. नाव विचारतो, उत्तर आलं की गट नंबर विचारतो, ते आलं की बोजा, मग पीक, मग आणखी काही. जुन्या घडणीच्या प्रोग्राममध्ये असे चारशे प्रश्न एकामागून एक जाणं नवलाचं नाही. सर्व्हर त्याच इमारतीत असताना एका फेरीला अर्धा मिलिसेकंद लागायचा, त्यामुळे चारशे फेऱ्या पाव सेकंदाच्या आत संपायच्या. पंधरा मिलिसेकंदाने गुणा, सहा सेकंद होतात. आणि लाइन उपग्रहावरून असेल तर? भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर. प्रश्न वर-खाली, उत्तर वर-खाली, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद. चारशे फेऱ्यांना तीन मिनिटांहून जास्त. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एन.आय.सी.ने, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, जिल्हे जोडले ते उपग्रहानेच, आणि त्या काळात ती मोठीच कामगिरी होती. पण तिथे फेऱ्या मोजूनच प्रोग्राम लिहावे लागत.

अशा वेळी लाइन दहा एमबीपीएसची शंभर केली तर काय होईल? त्या सहा सेकंदांत जवळपास काहीच फरक पडणार नाही. कावेरीवर हरिगोल नावाची टोपलीसारखी गोल नाव चालते. नाव दुप्पट मोठी केली म्हणून नदी ओलांडायला लागणारा वेळ कमी होत नाही, आणि नावाडी दर फेरीला एकच माणूस नेणार असेल तर मोठी नाव रिकामीच जाते. इथे इलाज प्रोग्रामच्या घडणीत आहे. चारशे प्रश्नांचे चार करायचे. कंत्राटात ही अट घालता येते. स्क्रीन उघडायला किती फेऱ्या लागतात हे विचारून बघा, पुरवठादार आधी गडबडतो आणि मग मोजायला लागतो.

अर्थात प्रत्येक वेळी दोष दूर असतो असं नाही. माझा अनुभव उलट आहे. पुष्कळदा तो इमारतीच्या आतच, शेवटच्या शंभर मीटरमध्ये असतो. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादाही तेवढीच आहे, शंभर मीटर. म्हणून शोध सुरू करायचा तो वाट निम्मी करत. तोच स्क्रीन सर्व्हरच्या जवळच्या मशिनवर उघडून बघा. तिथेही हळू असेल तर केबलीकडे बघायचं कारण नाही. डिस्क भरली असेल, डेटाबेसमध्ये हव्या त्या रकान्यावर इंडेक्स नसेल आणि एका नावासाठी सर्व्हर सगळा तालुका चाळत असेल. तिथे झटपट उघडला तर दोष मधे आहे. मग मधल्या स्विचपाशी लॅपटॉप लावा. पुन्हा निम्मं.

टी. नरसीपूर भागातल्याच एका कार्यालयातला प्रसंग सांगतो. सर्व्हर त्याच इमारतीत. एका खोलीतली मशिनं व्यवस्थित, पलीकडच्या खोलीतली मात्र हैराण. सकाळी साडेनऊला तपासलं की सगळं छान, दुपारी बाराला फाइल उघडता उघडेना. आधीच्या माणसांनी मशीन बदललं होतं, अँटिव्हायरस काढून पुन्हा घातला होता आणि मोठ्या लाइनचा प्रस्तावही टेबलावर होता. सर्व्हर घरातच असताना बाहेरची लाइन वाढवून काय होणार होतं?

पिंग करून पाहिलं, म्हणजे सर्व्हरला हाक देऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं. उत्तर एका मिलिसेकंदात. पिंग हे हत्यार माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिलं आणि आजही पहिला हात त्यालाच लागतो. पण पिंग बारीक पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे पाठवतो, एकेक करून, आणि हा दोष बारीक पाकिटांना अडवत नव्हता. मोठी फाइल सर्व्हरवरून ओढायला घेतली तेव्हा ती रांगू लागली. मग स्विचमध्ये शिरून त्या हैराण खोलीकडे जाणाऱ्या पोर्टचे आकडे वाचले. चुकीच्या पाकिटांचा आकडा डोळ्यांदेखत चढत होता. तो पोर्ट कुणीतरी कधीकाळी हाताने ‘१०० एमबीपीएस, फुल ड्युप्लेक्स’ असा बांधून ठेवला होता. समोरची बाजू मात्र ‘ऑटो’ वर होती.

इथे काय होतं ते नीट सांगायला हवं, कारण हा दोष फसवा आहे. दोन्ही बाजू ऑटोवर असतील तर त्या आपसांत ठरवतात की किती वेगाने आणि कोणत्या रीतीने बोलायचं. एका बाजूने बोलणीच बंद केली तर दुसरीला वेग कळतो, रीत कळत नाही. अशा वेळी हाफ ड्युप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचं, असं धरावं हे मानकच सांगतं. मग एक बाजू समोरचा बोलत असतानाही बोलते, आणि दुसरी बाजू त्याला टक्कर समजून थांबते, पाकीट टाकून देते, पुन्हा पाठवते. वर्दळ नसताना टक्कर होत नाही, म्हणून सकाळी सगळं ठीक. काम वाढलं की टकरा वाढतात. दिवा दोन्हीकडे हिरवाच राहतो. आम्ही तो पोर्ट ऑटोवर केला. एका मिनिटाचं काम. फाइल बघता बघता उतरली, आणि लाइनचा तो प्रस्ताव मागे घेतला गेला.

बाकीचे नेहमीचे दोषही झटकन सांगून टाकतो. केबलीत आठ तारा असतात. गिगाबिटला आठही लागतात, शंभर एमबीपीएसला चार पुरतात. एक तार जॅकमध्ये नीट बसली नाही तर वेग गुपचूप दहापट उतरतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. सर्व्हर नावाने उघडायला वेळ लागतो आणि आयपी नंबर टाकून लगेच उघडतो, असं असेल तर बहुधा मशिनमध्ये बंद पडलेल्या डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी नंबर शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता पहिला लिहिलेला आहे. मशीन आधी त्या मेलेल्याची वाट बघतं आणि मग दुसऱ्याकडे वळतं. सफाई करताना सुटलेली केबल कुणी चांगल्या मनाने त्याच स्विचमध्ये परत खोचली तर नेटवर्कमध्ये फेरा तयार होतो आणि पाकिटं त्यात गरगरत राहतात. यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधला. पण स्वस्त स्विचांत तो नसतो. आणि स्विच कपाटावर, पत्र्याखाली, एप्रिलमध्ये? त्याला वारा द्या.

आता गर्दीबद्दल. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत बर्कली विद्यापीठ आणि शेजारची लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. अंतर चारशे यार्ड, चालत पाच मिनिटं. व्हॅन जेकबसन यांनी त्याच्या मुळाशी जाऊन कारण काढलं. उत्तर उशिरा आलं की प्रत्येक संगणक तेच पाकीट पुन्हा पाठवत होता. गर्दी त्या पुनरुक्तीनेच वाढत होती. उशीर दिसला तर दम खा, कमी पाठव, मग हळूहळू वाढव, असा नियम त्यांनी बसवला, आणि आजचं सगळं इंटरनेट त्या विचारावर चालतं. कचेरीत मात्र माणसं अजून १९८६ सारखीच वागतात. स्क्रीन अडकला की रिफ्रेश, पुन्हा रिफ्रेश. दहा खिडक्यांवर दहा माणसं तेच करतात आणि सर्व्हरला दहा पहाण्यांसाठी पन्नास मागण्या जातात. कर्मचाऱ्यांना हे कुणी समजावलेलंच नसतं, त्यांचा दोष नाही.

आणि ही पुनरुक्ती कुणी जाणूनबुजून केली तर? कर्नाटकात दस्तनोंदणीच्या प्रणालीला नदीचंच नाव आहे, ‘कावेरी’. २०२४ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या जानेवारीत ‘कावेरी २.०’ वर हल्ला झाला. खोटी खाती काढून आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांनी बोजा-दाखल्याच्या शोधांचा मारा केला. जानेवारीत दोन तासांत ६.२ लाख बनावट मागण्या आल्या, शोधांची वर्दळ नेहमीच्या आठपट झाली. राज्यभर नोंदण्या खोळंबल्या. त्या दिवसांत टी. नरसीपूरच्या खिडकीवर उभ्या माणसाला केबल बदलून काही मिळणार नव्हतं. पण नेहमीचा आकडा आधीपासून कुणाजवळ लिहिलेला होता म्हणूनच ‘आठपट’ हे कळलं. ज्या कचेरीला आपला रोजचा वेग माहीत नाही, तिला बिघाड, गर्दी आणि हल्ला यांतला फरक कसा कळणार?

म्हणून माझा आग्रह एका वहीसाठी आहे. तारीख, वेळ, कोणतं मशीन, कोणता स्क्रीन, किती सेकंद लागले, शेजारच्या मशिनवर तेव्हा काय होतं. एवढेच रकाने. ‘नेट स्लो’ असं लिहायचं नाही, सेकंद लिहायचे. मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. आणि दुपारी कर्मचाऱ्याने ‘उद्या या’ म्हणण्याआधी त्या दिवसाची नोंद खिडकीबाहेर लावावी आणि फोनवरही सांगावी, म्हणजे बन्नूरहून निघणारा माणूस निघण्याआधी विचारू शकेल.

एका कार्यालयात आम्ही ही वही सुरू केली. तक्रार अशी होती की सर्व्हर दिवसभर हळू असतो. पानं भरत गेली तसं दिसू लागलं की दिवसभर असं काही नाही. रोज अकराच्या सुमाराला सुरू होतं आणि साडेबाराला ओसरतं, सगळ्या खोल्यांत एकदमच. शनिवारी अर्ध्या दिवसालाही तेच, म्हणजे गर्दीशी संबंध नाही. सर्व्हरवर ठरवून दिलेल्या कामांची यादी उघडली. रात्री अकराला व्हायचा बॅकअप बसवणाऱ्याने सकाळी अकराला लावला होता. वेळ बदलली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता लिपिकबाईंनी वहीत सेकंद लिहिले, ते सकाळी दहाइतकेच होते, आणि रांग जेवणाच्या सुट्टीआधी संपली.